उसाचं बिल थकलंय? नोंदीच्या फॉर्मपासून जप्तीच्या आदेशापर्यंत

ऊस तुटून गेला की शेतकऱ्याच्या हातात उरतात त्या फक्त वजनाच्या स्लिपा. सुरूची लागण असेल तर वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष सांभाळलेलं पीक दोन दिवसांत गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या पट्ट्यावर, पडतं, त्याची साखर होते, ती पोत्यांत भरून गोदामात जाते. त्या पोत्यांवर बँक कारखान्याला मालतारण कर्ज देते आणि त्याचं व्याज ठरल्या दिवशी कापून घेते. आपलं बिल मात्र ‘येईल की पुढच्या पंधरवड्यात’.

हिशोब मांडून बघा. एका गावातून १० हजार टन ऊस गेला आणि टनाला ३,००० रुपये धरले तर रक्कम झाली ३ कोटी. ती ९० दिवस थकली तर कायद्यातल्या १५ टक्के दराने व्याज होतं ११ लाखांच्या वर. हे पैसे गावाने कारखान्याला वापरायला दिले, तेही तारण न घेता. आणि त्याच काळात विकास सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं गेलं नाही म्हणून आपली व्याजसवलत जाते ती वेगळीच. थकलेलं बिल म्हणजे आपण कारखान्याला दिलेलं कर्ज आहे आणि कर्जाला व्याज असतं, ही गोष्ट एकदा डोक्यात पक्की बसली की पुढची सगळी लढाई वेगळी दिसायला लागते. आपण मदत मागायला जात नाही, वसुलीला जातो.

खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यासाठी आहे. कारखाना सहकारी असो की खासगी, पैशाचा कायदा दोघांनाही एकच.

आधी कायद्याच्या दोन ओळी

जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेला ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ हा आपला मुख्य आधार. त्यातल्या कलम ३ मध्ये दोन गोष्टी आहेत. ऊस कारखान्यावर पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर १४ दिवसांच्या पुढच्या काळासाठी वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं. २००९ मध्ये जुन्या किमान दराच्या जागी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर आला, पण १४ दिवस आणि १५ टक्के तसेच राहिले.

राज्य सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती. ‘स्वाभिमानी शेतकरी संघटने’चे राजू शेट्टी आणि इतरांनी त्याला आव्हान दिलं आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ‘सरकारनेच हप्ते पाडायला सांगितलंय’ असं कारखान्याच्या गट कार्यालयात कुणी म्हणालं तर हा निकाल पुढे ठेवा.

पहिली पायरी: नोंदीचा फॉर्म उलटा करून वाचा

वरच्या १४ दिवसांच्या तरतुदीला एक पळवाट आहे. शेतकरी आणि कारखाना यांच्यात लेखी करार वेगळा असेल तर तो करार चालतो. हा करार होतो कधी? लागणीची नोंद करताना. शेतकी खात्याचा माणूस बांधावर येतो, मोटारसायकलच्या सीटवर फॉर्म ठेवतो, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख भरतो आणि म्हणतो, ‘इथं सही करा, नाहीतर तोडीच्या क्रमवारीत मागं पडाल.’ आमच्याकडे एका वर्षी असंच झालं. फॉर्मच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत, ऊसबिल कारखान्याच्या सोयीने हप्त्यांत घ्यायला माझी संमती आहे, अशी ओळ होती. माझी सही त्याखाली होती आणि मला ती ओळ दिसली थेट फेब्रुवारीत, बिल मागायला गेल्यावर.

म्हणून सही करण्याआधी मागची बाजू वाचा. हप्त्यांची संमती असेल तर त्या ओळीवर काट मारा, शेजारी छोटी सही करा आणि लिहा: ‘ऊस नियंत्रण आदेशातील मुदतीप्रमाणे एकरकमी बिल मान्य.’ दोन्ही बाजूंचा फोटो काढा. एकट्याने हे केलं तर तुमची नोंद मागे पडायची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. त्यावर उपाय एकच. गावातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच मजकुरात करायचं. चाळीस फॉर्मवर तीच ओळ कापलेली असली की शेतकी अधिकाऱ्याला चाळीस जणांचा ऊस मागे ठेवता येत नाही. त्यालाही गाळपाचं उद्दिष्ट असतं.

याच वेळी आणखी एक काम उरकून घ्या. आपल्या नावावर आपल्याला माहीत नसलेलं कर्ज तर नाही ना, ते तपासा. ऊस उत्पादकांच्या सातबारा-आधारच्या प्रती वापरून परस्पर कर्ज उचलल्याची प्रकरणं राज्यात घडली आहेत. पतअहवाल देणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कागदाची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त ऊस नोंदीसाठी’, आणि तारीख टाका.

काट्यावर

दराची भांडणं सगळे करतात, वजनाची फार थोडे. पण १० टनांच्या ट्रेलरमागे ३ टक्के वजन कमी भरलं तर ३ क्विंटल ऊस गेला. साधारण हजार रुपये, एका खेपेत.

काटामारीचा संशय असेल तर नुसतं ओरडून काही होत नाही. असं करा. एकाच दिवशी गावातल्या निदान आठ-दहा गाड्या बाहेरच्या काट्यावर भरलेल्या वजन करून कारखान्यात न्या आणि रिकाम्या झाल्यावर परत त्याच काट्यावर रिकामं वजन करा. बाहेरचा काटा कारखान्याच्या दारापासून जितका जवळ तितकं बरं, कारण तुटलेला ऊस उन्हात वाळतो. गाडी नंबरला दीड दिवस उभी राहिली तर तेवढ्यानेही वजन घटतं आणि कारखाना तेच कारण पुढे करतो. म्हणून बाहेरच्या पावतीवरची वेळ आणि कारखान्याच्या स्लिपवरची वेळ, दोन्हींचा फोटो हवा. रिकामं वजनही बघा. फसवणूक कधी भरलेल्या वजनात नसते, रिकाम्या गाडीचं वजन वाढवून लावण्यात असते. फरक सगळ्या गाड्यांत एकाच बाजूला दिसला तर वैधमापन शास्त्र विभागाला (वजनकाटे तपासणारं खातं) आणि जिल्हाधिकाऱ्यांना पावत्या जोडून अर्ज करा, भरारी पथकाची मागणी करा. दहा गाड्यांच्या पावत्या असल्या की तक्रार टोलवणं अवघड जातं.

गाडीवान आणि तोडणीच्या टोळीशी मात्र भांडू नका. ‘एन्ट्री’चे म्हणून वरचे पैसे मागतात म्हणून राग येतो, मान्य. पण बीडकडून आलेलं जोडपं पहाटे तीनला कोयता घेऊन आपल्या फडात उतरतं, मूल पाचटावर झोपवतं, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडत असतं. गंमत बघा, ‘उचल’ हा शब्द त्यांचाही आणि आपलाही; आपण पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, किती मिळणार विचारतो, त्यांची उचल फिटता फिटत नाही. तोडणी-वाहतुकीची रक्कम कारखाना आपल्या बिलातून कापतो, तेव्हा ती टोळीपर्यंत किती पोचते हे विचारायचं ठिकाण कारखाना आहे, फड नव्हे.

आपला दर आपण काढा

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी ठरवली क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, म्हणजे १०० किलो उसातून १०.२५ किलो साखर निघते असं धरून. उतारा त्याच्या वर गेला की प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ. खाली गेला तर तेवढीच घट, पण ९.५ टक्के किंवा त्याखाली कितीही उतारा असला तरी ३२९.०५ रुपयांच्या खाली दर जात नाही.

समजा आपल्या कारखान्याचा उतारा ११.५ टक्के आहे. पायाभूत उताऱ्यापेक्षा १.२५ जास्त, म्हणजे १२.५ टप्पे, गुणिले ३.४६ केले की ४३.२५. क्विंटलला ३९८.२५, टनाला ३,९८२.५० रुपये. ही कारखान्याच्या दारातली किंमत. त्यातून तोडणी-वाहतूक समजा ८५० गेली, तर हातात ३,१३२.५०. आपण ८० टन घातला असेल तर २,५०,६०० रुपये चौदाव्या दिवसापर्यंत खात्यात हवेत. त्यानंतर ९० दिवस उशीर झाला तर व्याज ९,२६९ रुपये.

या हिशोबात दोन ठिकाणी नजर ठेवायची. एक, उतारा. उसाच्या रसापासून किंवा ‘बी हेवी’ मळीपासून (जिच्यातली साखर पूर्ण काढलेली नसते) इथेनॉल केलं की साखर कमी निघते आणि उतारा कमी दिसतो. ती घट उताऱ्यात परत मिळवूनच एफआरपी काढायची असते; कारखान्याला विचारा, किती मिळवली, दाखला कुठे आहे. दोन, तोडणी-वाहतूक. शंभर किलोमीटरवरून आणलेल्या उसाचा वाहतूक खर्च सरासरीत घालून दहा किलोमीटरवरच्या शेतकऱ्याकडूनही कापला जातो. साखर आयुक्तालय कारखानानिहाय खर्चाचे आकडे जाहीर करतं. शेजारच्या दोन कारखान्यांशी ताडून बघा. टनामागे दीडशे-दोनशेचा फरक निघाला तर तो वार्षिक सभेतला पहिला प्रश्न.

आणि एफआरपी हा शेवट नाही. २०१३ च्या राज्याच्या कायद्याने साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाचा धरला आहे, नुसत्या साखरेवर हिशोब केला तर ७५ टक्के. तो आकडा एफआरपीपेक्षा जास्त निघाला तर फरक द्यावा लागतो. हे ठरवायला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली ऊस दर नियंत्रण मंडळ आहे.

गावाची एक वही

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. दोनशे पानी वही घ्या. आडवे रकाने आखा: नाव, गट नंबर, लागण की खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा आलेलं पीक), प्रत्येक स्लिपचा नंबर, तारीख, वजन, चौदावा दिवस कोणता, पैसे जमा झाल्याची तारीख, रक्कम, उशिराचे दिवस, व्याज. जिला हिशोब येतो आणि जी रोज गावात असते अशा कुणाकडे ती वही द्या. आमच्याकडे बचत गटाच्या सचिव बाईंनी हे काम ज्या नेटाने केलं तसं एकाही पुढाऱ्याला जमलं नसतं. त्या संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीच्या पायरीवर बसायच्या. दूध घालायला येणारा प्रत्येकजण स्लिप दाखवून जायचा. महिनाभरात १६३ जणांची नोंद झाली.

मोबाईलवर तक्ता केला तरी चालेल, पण वही असू द्या. सहीची वही सुनावणीत दाखवता येते.

अर्ज कुणाला, कसा

चौदावा दिवस उलटला की पहिला अर्ज कारखान्याच्या कार्यकारी संचालकांच्या नावाने. पोच घ्या, देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. अर्जात मूळ रक्कम आणि व्याज वेगवेगळं लिहा, आणि ‘व्याजासह’ हा शब्द कुठेही सोडू नका. आठवडाभर वाट बघून तोच अर्ज वहीच्या प्रतीसह प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्याकडे आणि पुण्याला साखर संकुलात साखर आयुक्तांकडे. एकेकट्याचे अर्ज जाऊ देत, पण एकत्र बांधून, वर एकच यादी लावून.

आयुक्त कारखान्याची सुनावणी घेतात. सुनावणीची तारीख विचारून घ्या आणि जा. तिथे कारखान्याचा माणूस बहुतेक वेळा मूळ रकमेचा नवा वायदा देतो आणि व्याजाबद्दल गप्प बसतो. आपण गप्प बसायचं नाही. रक्कम थकीतच राहिली तर आयुक्त महसुली वसुलीचा दाखला काढतात, ज्याला सगळे ‘आरआरसी’ म्हणतात. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर, पुढे तहसीलदारांवर येते. साखर, मळी, बगॅस (उसाचा चोथा), यंत्रं, जमीन, सगळ्यावर जप्ती आणता येते.

पेपरात ‘आरआरसी निघाली’ अशी बातमी आली की गावात फटाके वाजतात. घाई करू नका. प्रकरण अडकतं ते इथून पुढे. तहसील कचेरीत कागद पडून राहतो, किंवा पंचनाम्याला गेल्यावर कळतं की गोदामातली साखर बँकेकडे तारण आहे. म्हणून तहसीलदारांना आपणच मालमत्तेची यादी द्यायची: साखरसाठा, मळीच्या टाक्या, बगॅसचे ढीग, सहवीजनिर्मिती असेल तर महावितरणकडून येणं असलेली बिलं, इथेनॉल विकलं असेल तर तेल कंपन्यांकडून येणं असलेली रक्कम. यातलं काय तारण आहे आणि काय मोकळं आहे, याचं लेखी उत्तर मागा. दर सोमवारी दोन माणसं कचेरीत जाऊन ‘काय झालं’ विचारतील, अशी पाळी लावा. सोमवारच्या या पाळीने आमच्याकडे मोर्चापेक्षा जास्त काम केलं, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरा दाब गाळप परवान्याचा. मागची एफआरपी थकवणाऱ्या कारखान्याचा पुढच्या हंगामाचा परवाना आयुक्त अडवू शकतात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच आयुक्तांकडे लेखी हरकत घ्या.

पुस्तकं उघडायला लावा

कारखान्याकडे पैसे नाहीत की पैसे दुसरीकडे गेले, हे कळल्याशिवाय आंदोलनाला दिशा येत नाही. सहकारी कारखान्याचे सभासद असाल तर सहकार कायदा, १९६० च्या कलम ३२ खाली कागद बघायचा हक्क आहे, आणि लेखापरीक्षण अहवाल वार्षिक सभेपुढे यावाच लागतो. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. तिथे ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होऊन पाच मिनिटांत विषयपत्रिका संपते. म्हणून प्रश्न आधी लेखी द्या, पोच घ्या, आणि इतिवृत्तात नोंद मागा. पाच प्रश्न पुरेत: संचालकांच्या नात्यातल्या संस्थांना किती ॲडव्हान्स दिला, साखर कुणाला कोणत्या भावाने विकली, बँकेला व्याज किती गेलं, तोडणी ठेकेदारांकडे किती अडकलंय, शेतकऱ्यांचं व्याज ताळेबंदात दाखवलंय का.

खासगी कारखान्याचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून मिळतो.

माहिती अधिकाराचा अर्ज थेट सहकारी कारखान्याकडे केला तर ‘आम्हाला लागू नाही’ असं उत्तर येतं, आणि २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ते बऱ्याचदा टिकतंही. तोच अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून, साखर आयुक्तालयाकडे करा. त्यांच्याकडे असलेली आणि कायद्याने मागवता येणारी माहिती त्यांना द्यावी लागते.

रस्त्यावर उतरायचं तर

वेळ सगळ्यात महत्त्वाची. बॉयलर पेटवल्यापासून पहिले तीन-चार आठवडे ताकद आपल्याकडे असते: गव्हाणीला चोवीस तास ऊस लागतो, टोळ्यांना उचल देऊन झालेली असते, आणि ऊस अजून आपल्या रानात असतो. मार्चमध्ये चित्र उलटं. ऊस वाळतो, तुरे फुटलेले असतात, पाणी संपत आलेलं असतं, आणि आपणच ‘ने बाबा’ म्हणतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात कांदा-उसासाठी रस्ते रोखले, ऊस परिषद जयसिंगपूरला हंगामाच्या तोंडावरच भरते, त्यामागे हाच हिशोब.

२०२३ मध्ये राजू शेट्टींच्या ‘स्वाभिमानी’ने आदल्या हंगामाच्या उसाला टनाला ४०० रुपये जादा मागितले. आधी ५२२ किलोमीटरची पदयात्रा, कारखान्यांच्या दारांवरून. मग तोडी बंद. मग २३ नोव्हेंबरला कोल्हापूरजवळ शिरोलीत पुणे-बंगळुरू महामार्ग दिवसभर ठप्प. तडजोड झाली ती अशी: ज्यांनी ३,००० च्या खाली दिले त्यांनी १०० रुपये वाढवायचे, ज्यांनी वर दिले त्यांनी ५०. काहींना ती तोकडी वाटली. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट म्हणजे संपलेल्या हंगामाच्या बिलात भर पडली. कारखान्याने मिटवलेली वही पुन्हा उघडली.

हिंसेबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. ट्रॅक्टर पेटवू नका, टायरची हवा सोडून ऊस रस्त्यावर ओतू नका. तो ट्रॅक्टर कुणा शेतकऱ्याच्या पोराने कर्जावर घेतलेला असतो. २०१२ च्या नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यात पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा जीव गेला. घर पुन्हा उभं राहत नाही. जमावबंदीचा आदेश लागलाय का ते आधी बघा, पोलीस ठाण्याला लेखी कळवा, नोटीस आली तर घ्या आणि उत्तर द्या. रुग्णवाहिकेला वाट द्यायला चार माणसं वेगळी नेमा. वकिलाचा नंबर सगळ्यांच्या खिशात कागदावर हवा, कारण मोबाईल ठाण्यात काढून घेतात. रास्ता रोकोच्या केसच्या तारखा वर्षानुवर्षं चालतात. त्या खर्चासाठी टनामागे एक रुपया वर्गणी आधीच जमवा. आंदोलन संपल्यावर ती कुणी देत नाही.

तडजोडीच्या टेबलावर

जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात रात्री अकराला चहा येतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘मालकांनी शब्द दिलाय, आता उठा.’ उठू नका. कागद मागा. त्यावर टनाला किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या हंगामाच्या उसाला, खोडवा-लागण भेद न करता, आणि व्याजाचं काय, हे पाच मुद्दे हवेत. व्याज त्या रात्री मिळणार नसेल तर निदान ‘व्याजाचा हक्क राखून’ एवढे शब्द लिहून घ्या. मूळ रक्कम स्वीकारताना बँकेत, सोसायटीत किंवा कारखान्यात ‘सर्व येणे मिळाले’ अशा पावतीवर सही करू नका. सही करावीच लागली तर त्यावरही तेच शब्द लिहा.

ठरलेली तारीख उलटली तर तो कागद आणि वही घेऊन उच्च न्यायालयात जाता येतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू आहे. जाताना मूळ स्लिपा बरोबर ठेवा आणि त्यांच्या झेरॉक्स आधीच काढा. काट्यावरच्या स्लिपांची शाई सहा महिन्यांत उडते.